ऊन ओढून आणणारी अंबूमावशी

कापड घ्यायला गेल्यावर तुम्हाला कुणी वाकवलंय का कधी? खरोखरीचं, कमरेतून? नसेल, तर लोणावळ्याच्या बाजारातल्या अंबूमावशीच्या दुकानात तुमचं पाऊल पडलेलं नाही. तिथं पाटील वाकले, बंगलेवाल्यांचे मुनीम वाकले, एक पेन्शनीतले फौजदारसुद्धा, पण त्यांचं पुढं सांगते. आणि गंमत अशी की ज्या बाईनं या सगळ्यांना वाकवलं, ती त्यांच्यापैकी कुणाला दिसत नव्हती.

मला ती प्रथम दिसली तीसुद्धा मनगटापर्यंतच. माझे यजमान रेल्वेच्या शेडात कामाला. लग्न होऊन आले ती बाजारातल्या एका माडीवर. आमच्या मागच्या खिडकीतून हात लांब केला की शेजारच्या कापडदुकानाच्या माळ्याची खिडकी हाताला लागायची. आल्या आठवड्यातच त्या खिडकीतून एक हात आला, हातात वाटी, वाटीत अळूची भाजी. मागून आवाज, “वाटी रिकामी परत द्यायची नाही हं. आणि भांडी जरा हळू घासा, खाली शालू उलगडलाय.”

दुसऱ्या दिवशी ती सबंध आली. ठेंगणी, रुंद, साधं पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. बसायच्या आधीच तिनं माझ्या खोलीला वितीनं मापायला घेतलं. म्हणाली, “तुझ्या घरात शिरलं की पहिली मोरी दिसते. पाहुण्याला वाटतं, पाय धुवायचे आणि निघायचं.” तिनं स्वतःच माठ हलवला, पेटी हलवली, मोरीपुढं एक जुनं लुगडं आडवं टांगलं. त्यानंतर सासूबाई आल्या त्या महिनाभर जास्त राहिल्या. मी मावशीकडे कुरकुर केली, तर ती म्हणाली, “मी घर सुधारलं. सासू सुधारते असं कधी म्हटलं होतं?”

हा तिचा नादच होता. कुणाच्याही घरी, देवळात, अगदी टपाल हपिसात गेली तरी आधी दार कुठं आहे ते बघायची, मग उजेड कुठून येतो ते, आणि मग मान हलवायची. टपाल हपिसाबद्दल तर तिचं मत फार वाईट होतं.

ती शिंप्यांची. नवरा आणि धाकटा दीर दामूअण्णा, दोघांचं मिळून ते दुकान. आधी ते चारचौघांसारखंच होतं म्हणे. रस्त्याला लागून फळी, फळीवर गादी, पाठीमागे कापडाची ठाणं रचलेली. औंढ्याचं नाहीतर वरच्या खेड्यांतलं माणूस यायचं, बूड टेकायचं तेही अर्धंच, लुगडं हातात घ्यायचं आणि म्हणायचं, “जरा उनात बगतो.” त्यात त्याची चूक नाही. आतल्या अंधारात जो रंग डाळिंबी वाटतो तो उन्हात विटकरी निघतो, हे बायामाणसांना पक्कं ठाऊक. पण ऊन असायचं रस्त्यात, आणि रस्त्याच्या पलीकडे असायचं दुसरं कापडदुकान. तिथला माणूस बोलायचा काही नाही, नुसता हसून गादीवरची धूळ झटकायचा. एवढ्यावर गिऱ्हाईक तिकडं.

मावशीनं नवऱ्याला सांगितलं, गिऱ्हाईक उन्हाकडे जातंय ना, मग ऊनच आत आणा. नवरा भला माणूस. हसला, पण महादू सुताराला बोलावून मागच्या खणाच्या छपरात काचेची कौलं बसवून घेतली. इथवर कुणीही केलं असतं. पण सुतार एकदा घरात आल्यावर मावशी त्याला थोडीच सोडणार? उजेड मागे, म्हणजे गादी मागे गेली. गादी मागे गेली, म्हणजे तिथवर जायची वाट आली. आणि वाट आली की वाटेत काहीतरी घडलं पाहिजे, हा मावशीचा हट्ट.

तेव्हा लग्नाचा बस्ता बांधायचा म्हणजे दोन्हीकडची माणसं मिळून दुकानात यायची. वरपक्षानं नवरीचा शालू घ्यायचा, मुलीकडच्यांनी नवरदेवाचा पोशाख, आणि दोघांनी मिळून एकमेकांची उणीदुणी काढायची. मावशीनं सगळं दुकान या बस्त्यासाठी बांधलं. दारातून शिरलं की पहिला खण अगदी साधा, मुद्दाम साधा. सारवलेली जमीन, खुंटीवर घोंगड्या, कोपऱ्यात माठ, दोरीवर लहान पोरांची कुंची-टोपडी. खेड्यातली बाई आत आली की तिचा खांदा सैल व्हायचा, आपल्याच ओसरीवर आल्यासारखा. “हे माहेर,” मावशी मला सांगायची. पुढं अरुंद बोळ, दोन्ही अंगांना मांजरपाट आणि धोतरजोड्या, उजेड कमी. माणसं एकामागून एक चालायची, त्यामुळे आपोआप गप्प व्हायची. बोळाच्या शेवटी एक बुटकी तुळई. “ही गावची वेस. पोरगी वेशीपर्यंत रडते, पुढं गप्प होते.” आणि तुळईखालून वाकून मान वर केली की एकदम उंच छप्पर, पांढरीशुभ्र गादी आणि वरून पडणारं ऊन.

“म्हणजे हे सासर,” मी म्हणाले.

“छे गं. सासर कसं असेल असं पोरीला वाटतं ना, ते. खरं सासर दाखवलं तर शालू कोण घेईल?”

कापड काय कुणीही विकतं, तिचं म्हणणं. माणूस आत येताना एक असतो, बाहेर पडताना दुसरा झाला पाहिजे.

नवरा होता तोवर ती त्याच्या पाठीशी बसायची आणि पोरीच्या रंगाला कुठलं लुगडं ते निवडायची. तो गेला, आणि बाईचं त्या गादीवरून उठणं झालं. कुणी भांडलं नाही, कुणी घालवलं नाही. दामूअण्णाच खाली मान घालून म्हणाले, वहिनी, लग्नाची गिऱ्हाइकं असतात, नवरीचा शालू असतो, लोक काय म्हणतील. विधवेची सावली बस्त्यावर नको, एवढंच. हातानं बांधलेल्या दुकानात तिला पाऊल टाकायची चोरी झाली.

मग मावशी माळ्यावर गेली. बोळाच्या डोक्यावर माळा होता, तिथं ठाणं साठवलेली असायची. गादीच्या बाजूला त्याला लाकडी जाळी होती. जाळीआड बसलं की खालची सगळी सभा दिसायची, खालच्यांना काही दिसायचं नाही. महादू सुताराकडून तिनं एक कप्पी बसवून घेतली, दोरीला टोपली, आणि काचेच्या कौलांवर सरकणारी एक फळी. त्या फळीची दोरी मावशीच्या हाताशी. आता दामूअण्णा खाली कापड मोजायचा गज आपटायचे, वरून टोपली उतरायची, अण्णा ठाण उलगडायचे आणि गिऱ्हाइकाला वाटायचं, केवढी नजर या माणसाची, मनातलं नेमकं काढतो. अण्णांनाही पुढंपुढं तसंच वाटायला लागलं. साधी लुगडी चालली असली की फळी बंद. शालू उलगडला आणि नवरीच्या खांद्यावर पडला की मावशी दोरी ओढायची, आणि भर दुपारचं ऊन धाडकन त्या जरीवर. बायकांच्या तोंडून एकदम आवाज निघायचा. मग कुणाला उनात बगायची आठवण राहायची नाही.

गादीच्या दोन अंगांना दोन ओटे होते. उजवा जरा उंच, लोडाचा, वरपक्षासाठी. डावा ठेंगणा, मुलीकडच्यांचा. वरपक्ष उंच बसल्यामुळे खूश. पण दुपार कलायला लागली की कौलातलं ऊन जरीवरून उसळायचं ते नेमकं उजव्या ओट्यावरच्यांच्या डोळ्यांत. विहीणबाईंच्या डोळ्यांना धार लागायची. डाव्या ओट्यावरच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या, बघा, सुनेला शालूत बघून किती भरून आलं. आता इतकं भरून आलेली बाई त्याहून हलका शालू मागणार कशी? “मान त्यांना, माल पोरीला,” मावशी पदर तोंडात कोंबून म्हणायची. मी वर तिच्याजवळ शेंगा निवडत बसलेली असायची. माझ्या हसण्यानं दोनदा दुकान उघडं पडायची पाळी आली.

आता ते फौजदार. बाजारात त्यांचा दरारा. तुळईपाशी आले आणि थांबले. म्हणाले, मी साहेबापुढं वाकलो नाही, वाण्याशिंप्याच्या तुळईपुढं काय वाकतो. अण्णा हात जोडून उभे. बायको पुढं गेलेली, लेक पुढं गेलेली, आणि हे अलीकडे एकटे. शेवटी त्यांनी काय करावं? मान ताठ, फेटा ताठ, मिशी ताठ, आणि खाली उकिडवे बसले. तशा बसल्या अवस्थेत, एक पाय पुढं, एक पाय मागं, बदकासारखे तुळईखालून सरकत गादीपर्यंत आले. वाकले म्हणून नाहीत. मावशी मात्र त्या दिवशी घोंगडीत तोंड खुपसून बसली होती आणि टोपली उतरवायची राहूनच गेली.

असं सगळं मजेत चाललं होतं, ते अण्णांच्या पुण्यातल्या साडूनं बिघडवलं. तो आला, दुकान बघून म्हणाला, हे काय भुयार? पुण्यात आता काचेची कपाटं, टेबल, खुर्ची. पुढच्या अंगाला चहाचं हॉटेल घाला, गाडी आली की माणसं मावणार नाहीत. अण्णांच्या मनानं घेतलं. तुळई काढायची, माळा काढायचा, जाळी काढायची. मावशी हॉटेलात भजी तळेल. अण्णा वाईट नव्हते हो, भित्रे होते. माळ्यावरची बाई एक दिवस कुणाला दिसेल या भीतीनं त्यांना झोप लागत नव्हती. ते मावशीला म्हणाले, औंढ्याच्या शिरपतरावांचा बस्ता मोठा आहे, तो होऊ दे, मग महादूला फळ्या उतरवायला बोलावतो.

त्या रात्री खिडकीतून वाटी आली ती रिकामी होती. ती तसं कधी करायची नाही.

शिरपतरावांची हौसा, नवलाख उंबरे गावात ठरलेली. वरपक्षाच्या पुढारी नवरदेवाच्या आत्या, गजराबाई. दणकट बाई. बोळातून येतानाच सगळ्यांना ऐकवत होत्या की माजा बी बस्ता ह्याच दुकानातला, पाच ल्योक झालं, एक बी दगावला न्हाई. उंच ओट्यावर बसल्या त्या सबंध ओटा भरून.

बस्ता रंगला. टोपली खालीवर झाली. शेवटी मावशीनं मोतिया रंगाच्या ठाणाआड ठेवलेला शालू काढला, जांभळा, मोराच्या काठाचा. अण्णांनी तो हौसाच्या खांद्यावर टाकला. मावशीनं दोरी ओढली. ऊन पडलं. आणि उन्हाच्या बरोब्बर मधे, शालूवर, एक माकड पडलं.

म्हणजे सावली हो. लोणावळ्याची माकडं तुम्हाला माहीत आहेत. फळी सरकल्यावर एक थोरला हुप्प्या काचेवर येऊन बसला होता. हौसाच्या खांद्यावर त्याचं डोकं, पदरावर शेपटी, अशी रेखीव सावली की चितारी लाजावा.

पहिल्यांदा सगळ्यांनी हात जोडले. मारुतीराया आला, असं कुणी तरी म्हणालं आणि गजराबाईंनी कानाच्या पाळ्यांना बोटं लावली. मग उंबऱ्याचे एक म्हातारे आबा, इतका वेळ झोपलेले, जागे होऊन हळूच म्हणाले, “पर मारुती ब्रह्मचारी हाय.”

दुकानात अशी शांतता पसरली की वर मला माकडाचं खाजवणं ऐकू आलं.

ब्रह्मचाऱ्याची सावली, आणि ती नवरीच्या शालूवर. गजराबाईंचे जोडलेले हात सुटले. शिरपतराव घाईनं म्हणाले, अवो माकड हाय ते. झालं, आगीत तेल. “माकड म्हंता देवाला?” इकडून कुणी म्हणालं देव हाय तर मग पावलाच की, तिकडून म्हणाले पावंल आन् पोरगा बैरागी हून गडावर जाऊन बसंल. गजराबाई उठल्या. वरपक्ष उठला. शालू नको, आणि बोलण्याचा रोख असा की आता ही सोयरीक तरी धड हाय का ते बी बगाया लागंल. हौसा बिचारी त्या सावलीखाली पुतळ्यासारखी उभी, पण शालूचा काठ तिनं मुठीत घट्ट धरलेला. अण्णांच्या हातून गज पडला.

मावशीनं दोरी सोडली. फळी धाडकन सरकली, हुप्प्या किंचाळून पलीकडच्या दुकानावर गेला, आणि खाली अंधार. मला वाटलं, आता काय करते? तर ती शिडीकडे निघालेली. मी तिचा पदर धरला. म्हटलं, मावशी, ते मारुतीला इतकं भ्यायलेत, तुम्हाला बघून काय होईल?

“इतकी वर्षं माझ्या बदली दुकान बोललं,” ती म्हणाली. “आज त्याला जमत नाहीये. सोड. आणि मी बसले की ओढ ती दोरी.”

दोरी जड असते हे मला तेव्हा कळलं. मी ओढली. ऊन पडलं ते गादीच्या मधोमध बसलेल्या मावशीवर. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ, आणि हातात हौसाच्या शालूचं दुसरं टोक. अण्णांनी डोळेच मिटून घेतले.

“ह्या कोन?” गजराबाईंनी विचारलं.

“वरची,” मावशी म्हणाली. “बसा हो गजराबाई, उभ्यानं बस्ता होत नाही. तुमचं लग्नाचं लुगडं हिरवं होतं ना? तांबडा रुईफुली काठ?”

“व्हय. पेटीत हाय अजून. तुमाला काय ठावं?”

“मी काढलं होतं ते. यजमान जाऊन महिना झाला नव्हता माझे. वर जाऊन बसले होते, अण्णांनी गज आपटला, मी खाली डोकावले. तुम्ही सावळ्या, ठसठशीत. म्हटलं, हिला हिरवंच. विधवेच्या हातचं लुगडं नेसून तुम्ही बोहल्यावर उभ्या राहिलात. आता सांगा सगळ्यांना, काय वाईट झालं तुमचं?”

पाच लेकांची गोष्ट गजराबाईंनी स्वतःच सगळ्यांना ऐकवली होती, ती आता गिळायची कशी? हौसाची आई पुटपुटली, आमचा बी बस्ता हितलाच. मागून आणखी एक जण म्हणाली, माजा बी. बघता बघता डाव्या उजव्या दोन्ही ओट्यांवरच्या बायका आपापल्या लुगड्याचे काठ चाचपायला लागल्या. तिथं बसलेली निम्मी लग्नं मावशीच्या हातून गेलेली. ती अशुभ म्हणायची तर सगळ्यांनाच आपापले संसार रद्द करावे लागले असते.

आबा तेवढे अडून होते. “आन् मारुतीचं काय?”

“आबा, सीतामाईला आंगठी कुणी नेऊन दिली? नवराबायकोचा निरोप पोचवायला रामाला ब्रह्मचारीच गडी लागला ना? तुमच्याकडे आपणहून आलाय, तर मान वर करून बसा.”

आबांनी विचार केला. मग म्हणाले, ह्ये बी खरंच, आणि परत झोपले.

गजराबाई मात्र हार मानणाऱ्या नव्हत्या. त्या उंच ओट्यावरून सरकल्या आणि शेजारची जागा थोपटली. “या, हितं बसा माज्याजवळ. घटका झाली, डोळ्यांतलं पानी खळंना. ही जागा बी तुमीच केलेली दिसती, जरा बसून बगा.” मावशी उठून त्यांच्या शेजारी बसली. ऊन कलत होतं. थोड्याच वेळात दोघींच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि समोरच्या बायका गहिवरून बघताहेत. गजराबाईंना तेवढ्यात सगळी करामत उमगली. त्यांनी मावशीच्या मांडीवर अशी थाप मारली की मला वर ऐकू आली. शालू हौसाला गेला. जांभळाच गेला.

तिसऱ्या दिवशी महादू सुतार पेटी घेऊन आला तेव्हा मी खिडकीतच उभी होते, आता फळ्या उतरणार म्हणून. त्यानं तुळईला हात लावला नाही. गादीच्या मागं पाठ टेकायला एक फळी बसवली, मावशीच्या पाठीच्या बेतानं. पण गादीवर जागा एकाचीच, आणि ठाण सोडायला वर कुणीतरी हवंच. तेव्हा अण्णा माळ्यावर गेले. त्यांना तिथं सुखाची झोप लागायला लागली. जांभळा मागितला की पिवळा यायचा, ऊन भलत्याच वेळी पडायचं, आणि मावशी खालून गज आपटून ओरडायची, “भाऊजी, नवरी अजून माठापाशीच आहे.” बाहेरच्या काही माणसांनी नाकं मुरडली. दोनचार घरं पलीकडच्या दुकानात गेली. बाकीची येत राहिली. त्यातल्या पुष्कळजणी तर शालू त्या आजीबाईच्याच हातचा पायजे असं सांगून यायला लागल्या.

पुढं लढाई आली, कापडावर कंट्रोल आला. शालू राहू द्या, चांगलं धोतर बघायला मिळेना. आणि तेव्हाच यजमानांची भुसावळला बदली झाली. सामान स्टेशनावर गेलं, मी तेवढी मावशीला भेटायला दुकानात धावले.

फळ्या रिकाम्या. खुंट्यांवर घोंगड्याही नव्हत्या. आणि मागे गादीभोवती औंढ्याकडचा एक बस्ता बसलेला, चांगली वीसेक माणसं. मधोमध मावशी, पाठ फळीला टेकून, दोन्ही हात हवेत पसरून एक लुगडं दाखवत होती. लुगडं नव्हतं. नुसतं सांगत होती ती, कंट्रोल उठला की पहिलं कुठलं येणार, त्याचं अंग कसं, पदर कसा, पोरीनं चालताना तो कसा पडेल. माणसं पुढं झुकून ऐकत होती. नवरीची आई म्हणाली, काट जरा रुंद असता तर.

“रुंदातही आहे,” मावशी म्हणाली, “पण तो तुम्हाला परवडायचा नाही.”

म्हणजे? आई चिडली. न परवडायला काय झालं? बोला, काय म्हंता? मावशीनं मला बघितलं, भुवई उडवून थांब म्हणाली, आणि पुन्हा त्या बाईकडे वळली. मी थांबले. बाहेर टांगेवाला हाका मारायला लागला तोवर थांबले. निघाले तेव्हाही त्या लुगड्याचा भाव ठरला नव्हता.